अस्सल प्रत कुणाकडे?

मामांचा फोटो स्टुडिओ लातूरला, गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर. भाची नांदेडला वजिराबादेत राहते आणि लग्नाच्या शूटिंगची कामं घेते. मधे अहमदपूर, लोहा आणि तीन-चार तासांची एसटी. मामांकडे रोलच्या काळातली निगेटिव्हांची कपाटं आहेत, त्यांचं स्कॅनिंग चालू आहे. भाचीकडे अलीकडच्या लगीनसराईंचे डिजिटल फोटो. सगळं मिळून एकच संग्रह करायचा आणि तो लातूरच्या डेस्कटॉपवर, नांदेडच्या पीसीवर आणि भाचीच्या लॅपटॉपवर सारखाच दिसला पाहिजे, एवढं ठरलं. ठरायला एक चहा पुरला. भांडण त्यानंतर लागलं.

ही दोन माणसं मी ओळखीच्या स्टुडिओंतून थोडी थोडी घेऊन उभी केली आहेत, म्हणून त्यांना नावं नाहीत. वाद मात्र मनचा नाही. ज्या घरात दोन कॉम्प्युटर आणि चार मोबाईल आहेत, त्या घरात फोटोंवरून तो कधी ना कधी होतोच.

मामा : माझं म्हणणं सरळ आहे. एक कॉम्प्युटर, एक वही. अस्सल तेवढं माझ्याकडे. तुला लागेल ते माग, मी काढून देतो.

भाची : आणि रात्री साडेअकराला गिऱ्हाइकाचा फोन आला, ‘ताई, आजोबांचा फोटो पाहिजे, उद्या तेरावं आहे,’ तर मी तुम्हाला झोपेतून उठवू?

मामा : उठव की. रोलच्या काळात लोक दुकानाचं शटर वाजवून उठवायचे.

भाची : मामा, तुमची वही लातूरला आणि माझं काम नांदेडला. त्यापेक्षा लाइटरूमचा कॅटलॉग करू. नाव, गाव, तारीख, फोटोत कोण कोण आहे, सगळं एकदा भरलं की शोधलं आणि मिळालं. फोल्डर उघडत बसायचं कामच नाही.

मामा : तेच म्हणलालो मी. मागं तू आलीस, डिस्क माझ्या कॉम्प्युटरला लावलीस आणि त्या कॅटलॉगनं प्रत्येक फोटोवर उद्गारचिन्ह काढलं. फोटो सापडत नाही म्हणे! फोटो तर समोर डिस्कवर होते.

भाची : कारण माझ्या लॅपटॉपवर ती डिस्क ‘ई’ ड्राइव्ह म्हणून दिसते आणि तुमच्या डेस्कटॉपवर ‘एफ’. कॅटलॉगमध्ये पत्ता ‘ई’चा लिहिलेला होता.

इथं जरा थांबायला हवं, कारण बहुतेकांची गाडी इथंच अडते. लाइटरूम हा फोटो हाताळायचा प्रोग्राम, आणि त्याचा कॅटलॉग म्हणजे सातबारा. रान वेगळं, सातबारा वेगळा. फोटो कुठल्या डिस्कवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे, त्याला किती तारे दिले, उजेड किती वाढवला, कडा कुठं कापल्या, हे सगळं कॅटलॉगमध्ये नोंदलेलं असतं. मूळ फाईल आपल्या जागी जशीच्या तशी पडून असते. विंडोजमध्ये जाऊन परस्पर फोल्डर हलवला किंवा त्याचं नाव बदललं, तर फेरफार न नोंदवता वाटणी केल्यासारखं होतं. रानही आहे, कागदही आहे, पण मेळ नाही. आणि नुसता कॅटलॉग पेनड्राइव्हवर घेऊन ‘फोटोंचा बॅकअप झाला’ म्हणणाऱ्याच्या हातात फक्त सातबारा असतो.

भाचीच्या ‘ई’ आणि ‘एफ’चा इलाज पाच मिनिटांचा आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला दोन्ही कॉम्प्युटरवर एकच अक्षर द्यायचं. ते शेवटाकडचं घ्यावं, पी किंवा एक्स, म्हणजे मधेच लावलेला पेनड्राइव्ह ते बळकावत नाही. पण त्यानं एका डिस्कचा प्रश्न सुटतो, दोन गावांचा नाही.

भाची : मग कॅटलॉगच क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवू. तुम्ही तिकडून उघडा, मी इकडून.

मामा : दोघांनी एकाच वेळी उघडला तर?

भाची : एकानं उघडायचा, एकानं थांबायचं.

मामा : कोण थांबणार? लग्नाच्या दिवसांत तू थांबणार का?

मामांना सॉफ्टवेअर कळत नाही असं भाची म्हणते, पण शंका त्यांनी नेमकी काढली. लाइटरूमचा कॅटलॉग हा एका वेळी एकाच माणसानं वापरायचा डेटाबेस आहे. नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलेला कॅटलॉग तो प्रोग्राम उघडतच नाही, आणि उघडा असताना शेजारी एक कुलपाची फाईल करून ठेवतो. क्लाउडच्या फोल्डरमध्ये हे कुलूप वेळेवर पलीकडे पोचेल याची खात्री नसते. नांदेडचे बदल वर चढायच्या आत लातूरला कॅटलॉग उघडला, की एकाचे दोन कॅटलॉग होतात, दोन्हींत वेगवेगळं काम झालेलं असतं आणि ते पुन्हा जुळवत बसायला अख्खा रविवार जातो. एकटा माणूस दोन कॉम्प्युटर वापरत असेल, तर फोटो आणि कॅटलॉग दोन्ही एकाच बाहेरच्या एसएसडीवर ठेवून ती पिशवीतून नेणं हे आजही सगळ्यात साधं आणि टिकाऊ उत्तर आहे. माणसं दोन झाली की ते उत्तर संपतं.

भाची : बरं, कॅटलॉग राहू द्या. निदान फोटो तरी क्लाउडवर चढवू. डिस्क खराब होते, चोरीला जाते, एसटीत विसरते.

मामा : किती आहे माल?

भाची : सध्या ५०० जीबी. माझ्या लाइनचा अपलोडचा वेग ५० मेगाबिट. हिशेबानं बावीस तास.

मामा : लाइट गेली तर?

भाची : तर दोन दिवस धरा.

मामा : आणि मोबाईलच्या रिचार्जवर?

भाची : रोजचे दीड जीबी. एका लग्नाचे १०० जीबी चढवायला दोन महिन्यांच्या वर.

मामा : एसटी चार तासांत येते की गं!

हे ते चिडवायला म्हणाले, पण आकडे त्यांच्याच बाजूचे आहेत. ५०० जीबीची डिस्क पिशवीत घालून चार तासांत लातूरला उतरलेला प्रवासी सेकंदाला पावणेतीनशे मेगाबिटच्या वेगानं डेटा वाहून नेतो. लातूर-नांदेडच्या घराघरांत अपलोडला एवढा वेग कुणाला मिळतो? तेव्हा पहिली पूर्ण प्रत डिस्कवरून न्यायची आणि त्यानंतर रोजची किरकोळ भर इंटरनेटवरून पाठवायची, हा व्यवहारी मार्ग. यावर दोघांचं पटकन जमलं. लोकांच्या लग्नाचे फोटो क्लाउडवर ठेवण्याआधी त्यांना विचारावं, यावरही जमलं. खरी अडचण पुढं होती. फोटो इकडून तिकडे नेता येतात; फोटोबद्दल माणसाला जे माहीत असतं ते कसं न्यायचं?

मामा : तू वहीला हसतेस. १९९३ साली तीच वही कामाला आली.

भाची : किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी?

मामा : गणपती बुडवून लोक झोपले होते. ३० सप्टेंबर, पहाटे तीन छप्पन्न. दगडमातीची घरं, माळवदाची, सगळी अंगावर आली. पुढं महिना-दोन महिन्यांनी औसा तालुक्यातून, उमरग्याकडून माणसं दुकानात यायला लागली. अल्बम ढिगाऱ्यात गेलेले. ‘आमच्या लग्नात तुम्हीच फोटो काढले होते, बापाचा चेहरा कुठं असला तर बघा.’ वही काढायची, गावाचं नाव बघायचं, त्यासमोर पाकिटाचा नंबर. पाकीट काढायचं, निगेटिव्ह उजेडावर धरायची. गावाचं नाव लिहिलेलं नसतं तर मी काय शोधणार होतो?

भाची : आणि दुकानाची भिंत पडली असती तर?

मामा : म्हणजे?

भाची : वही एकच होती ना? निगेटिव्ह सापडल्या असत्या आणि वही गेली असती, तर हजारो चेहरे उरले असते, नाव एकाचंही नाही.

मामा : झेरॉक्स काढून ठेवायचं तेव्हा सुचलं नाही.

भाची : आताही झेरॉक्स नको. वहीतली ओळ त्या त्या फोटोच्या आतच लिहायची. फोटो जिथं जाईल तिथं ओळ जाईल.

वादातलं भाचीचं सगळ्यात जड वाक्य हे. आणि तिला वाटतं तितकं ते नवं नाही. लातूर आणि नांदेड १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथल्या सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ साली वारले. त्यांच्या कितीतरी छायाचित्रांच्या खालच्या कडेला क्रमांक आणि ठिकाणाचं नाव दिसतं. ते कागदावर मागाहून लिहिलेलं नाही. काचेच्या निगेटिव्हवरच लिहिलेलं होतं, म्हणून प्रत्येक प्रतीवर आपोआप उमटलं. निगेटिव्ह एका गावी आणि प्रत दुसऱ्या गावी गेली तरी नाव सुटलं नाही.

डिजिटल फोटोत तीच सोय आहे, फक्त दिसत नाही. जेपेग फाईलच्या पोटात कॅमेऱ्यानं भरलेली तारीख-वेळ असते; त्याच्याच शेजारी आपल्यालाही शीर्षक, टीप, नावं, गाव लिहिता येतं. कॅमेऱ्याच्या रॉ फाईलला हात न लावता तिच्याच नावाची एक छोटी एक्सएमपी फाईल शेजारी तयार होते आणि मजकूर तीत राहतो. दोन कॉम्प्युटर असणाऱ्याला याचा आणखी एक फायदा. चोवीस मेगापिक्सेलची रॉ फाईल पंचवीसेक एमबीची. नाव दुरुस्त केलं तर ती जागची हलत नाही, काही केबींची एक्सएमपी तेवढी लातूरहून नांदेडला जाते. मात्र लाइटरूम हे काम सांगितल्याशिवाय करत नाही. ‘बदल एक्सएमपीत आपोआप लिहा’ ही खूण कॅटलॉगच्या सेटिंगमध्ये करावी लागते, नाहीतर सगळी मेहनत एकट्या कॅटलॉगमध्ये अडकते. खूण केली तरी कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी फाईलबरोबर जात नाहीत. डिजिकॅम हा प्रोग्राम फुकट मिळतो, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि मजकूर फाईलमध्ये लिहितो. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी तोच सुचवेन. आणि व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला, की आतली माहिती गळते आणि फोटोही लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो.

मामा : ठीक. पण तारीख? स्कॅन केलेला १९९१ चा फोटो तुझ्या कॉम्प्युटरवर या वर्षात जाऊन बसतो. माझ्या वहीत ‘वैशाख’ लिहिलंय, दिवस नाही.

भाची : मग १ मे १९९१ टाकू, आणि टिपेत ‘वैशाख, दिवस नक्की नाही’ असं लिहू.

मामा : खोटी तारीख?

भाची : अंदाजाची. अंदाज आहे हे लिहिलं की खोटी कशी?

मामांना हे अजून पटलेलं नाही. मला पटतं. तारखेचा रकाना कोरा ठेवला तर प्रत्येक प्रोग्राम आपल्या मनानं स्कॅनची तारीख धरतो, आणि आजीचं लग्न नातवाच्या बारशानंतर लागतं.

मग मराठीचा मुद्दा आला, आणि तो मला कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शकात सापडणार नव्हता. भाचीचे अल्बम डिझाइन करून देणारा मुलगा जुना मॅक वापरतो. तिनं एका लग्नात दोन फोल्डर केले होते, ‘नवरीकडचे’ आणि ‘नवऱ्याकडचे’. डिस्क त्याच्याकडून परत आली, सिंक झालं आणि फोल्डर तीन झाले. ‘नवरीकडचे’ एक, ‘नवऱ्याकडचे’ दोन. दोन्ही नावं डोळ्यांना तंतोतंत सारखी.

मामा : एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाचे दोन फोल्डर होतच नाहीत. एवढं मलाही माहीत आहे.

भाची : नाव एक नाहीच ते. ‘ऱ’ कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं मिळून. जुन्या मॅकची डिस्क दुसरी तऱ्हा वापरते. विंडोजवर आपण टाइप करतो ते सहसा पहिल्या तऱ्हेनं. आपल्याला अक्षर एकच दिसतं, कॉम्प्युटरला नावं दोन.

मामा : म्हणून ‘नवरीकडचे’ बचावले!

भाची : आणि तुमचं श्रीलिपी तर त्याहून अवघड. अल्बमवरची नावं तुम्ही जुन्या फॉन्टात टाइप करता. तो फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर नसला, तर ‘शुभविवाह’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. टीप त्यात लिहिली तर शोधायची कशी?

यातून निघालेला नियम दोघांनीही भिंतीवर लावला आहे. फोल्डरचं आणि फाईलचं नाव फक्त आकडे आणि रोमन अक्षरांत. मराठी सगळं आत, टिपेत, आणि ते युनिकोडमध्ये. फोल्डरच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस. १२-०५-२०२४ असं लिहिलं तर सगळ्या वर्षांतल्या बारा तारखा एका ओळीत बसतात. २०२४-०५-१२ लिहिलं तर फोल्डर आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. आणि दाट मुहूर्ताच्या दिवशी तीन-तीन लग्नं असतात, म्हणून तारखेनंतर घराचं नाव आणि गाव.

फाईलच्या नावाचं महत्त्व मामांना एका दुपारी समोरच दिसलं. दोन डिस्कांवरचे फोटो एकत्र करताना विंडोजनं विचारलं, ‘डीएससी ०४५७ या नावाची फाईल इथं आधीच आहे, बदलू का?’ मामांचं बोट ‘हो’वर गेलेलं. भाचीनं हात धरला. दोन्ही उघडून बघितले, तर एकात उदगीरच्या लग्नातली सप्तपदी आणि दुसऱ्यात कंधारचं बारसं. कॅमेरा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून मोजायला लागतो, आणि दोन कॅमेरे असले तर विचारूच नका. ‘हो’ म्हटलं असतं तर एक फोटो कायमचा गेला असता. म्हणून कार्डावरून फोटो उतरवतानाच नाव बदलायचं: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं अक्षर. त्यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं लग्नाच्या सकाळी एकमेकांशी लावून घ्यायची, नाहीतर मंगलाष्टकांचे फोटो हळदीत घुसतात.

मामा : आणि काढून टाकलेले फोटो परत का येतात ते सांग. डोळे मिटलेले, हललेले, मी सगळे पुसले. आठ दिवसांनी परत हजर.

भाची : तुम्ही लातूरला पुसले. नांदेडच्या पीसीवर होते. दोन्हीकडची भर एकत्र केली, की तिकडचे इकडे आले.

मामा : मग तू म्हणत होतीस ती दोन्हीकडून चालणारी सिंक?

भाची : ती लावली तर उलटं होईल. तुम्ही चुकून चांगला फोटो पुसलात, की माझ्याकडचाही जाईल.

मामा : म्हणजे एकानं पुसलं तर दोघांचं जातं, नाही तर पुसलेलंही परत येतं. म्हणूनच म्हणलालो, मालक एकच पाहिजे.

माझ्या मते इथं मामा जिंकले, पण त्यांना हवं होतं तसे नाहीत. मालक एकच पाहिजे हे खरं. तो सगळ्या संग्रहाचा एक असला पाहिजे असं मात्र नाही. प्रत्येक फोल्डरचा एक असला म्हणजे पुरतं. निगेटिव्हांच्या स्कॅनचे फोल्डर लातूरचे: तिथंच दुरुस्ती, तिथंच नावं भरायची, तिथंच पुसायचं, नांदेडला त्यांची नुसती प्रत. नव्या लग्नांचे फोल्डर नांदेडचे, लातूरला प्रत. सिंकथिंग या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये नेमकी हीच सोय आहे. एखादा फोल्डर एका कॉम्प्युटरवर ‘फक्त पाठवा’ आणि दुसऱ्यावर ‘फक्त घ्या’ असा लावता येतो. घेणाऱ्यानं आपल्या प्रतीत ढवळाढवळ केली तर ती पाठवणाऱ्याकडे जात नाही. वेगळी दाखवली जाते आणि एका बटणानं पुसता येते. कॅटलॉग दोघांचे दोन. एकमेकांच्या कॅटलॉगला हात लावायचा नाही. नावं आणि टिपा फाईलमधून येतात, त्या आपल्या कॅटलॉगनं वाचून घ्यायच्या.

भाची : म्हणजे जुन्या लोकांची नावं भरायचं काम तुमच्याकडे आलं.

मामा : मला टाइप कुठं येतं?

भाची : तुम्ही बोला. मोबाईल मराठीत लिहून घेतो. चुका मी काढते.

मामा : आणि तुझ्या लग्नांतली नावं? ती कोण लिहितंय? वीस वर्षांनी कुणी विचारलं, हा मुंडावळ्या बांधलेला कोण, तर तू सांगशील का?

याचं उत्तर भाचीकडे नव्हतं. निगेटिव्हांच्या काळातली नावं वहीत आहेत, आणि कालच्या लग्नातली कुठंच नाहीत. तिच्या फोल्डरवर फक्त पैसे देणाऱ्याचं आडनाव असतं. संग्रह कुठल्या प्रोग्रामात ठेवायचा यावर तास न् तास बोलणारी माणसं या प्रश्नाला फार लवकर उठून जातात, असं माझं निरीक्षण आहे.

शेवटचा वाद बॅकअपचा.

भाची : आता दोन्ही गावांत प्रत आहे. झाला बॅकअप.

मामा : नाही झाला. माझ्याकडून लिहिताना फाईलच बिघडली, तर तुझ्याकडे बिघडलेलीच येणार ना?

पुन्हा मामांचंच बरोबर. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. ती चूकही तेवढ्याच इमानानं पोचवते. मोबाईलवरच्या गूगल फोटोजचंही तसंच आहे. बॅकअप चालू असताना मोबाईलवरच्या त्या ॲपमधून फोटो काढून टाकला, की क्लाउडवरचाही जातो, आणि कचरापेटीत ६० दिवस राहून कायमचा संपतो. ती सेवा २०१५ साली आली, १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद जागा बंद झाली. ज्या पिकासावर आपल्याकडच्या अनेकांनी पहिल्यांदा चेहऱ्यांना नावं दिली, ते त्याच कंपनीनं २०१६ साली बंद केलं. कंपनीचा हिशेब तिच्या सोयीनं चालणार. आपली एक प्रत आपल्या कपाटात असावी.

पीटर क्रॉग या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम इथं लागू पडतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. या जोडीला ‘दुसरं ठिकाण’ आयतंच मिळालं आहे. नांदेडला गोदावरीचं पाणी चढतं, लातूरच्या जमिनीनं काय केलं ते वर आलंच. दोन्ही एकाच दिवशी होणं कठीण. कमी आहे ती तिसरी प्रत. एक डिस्क, जी महिन्यातून एकदा लावायची, नवं तेवढं भरायचं आणि काढून कपाटात ठेवायची. ती सिंकला जोडलेली नसेल, म्हणून कुणाची चूक तिच्यापर्यंत पोचणार नाही. आमच्याकडे भारनियमन आणि उन्हाळा दोन्ही कडक, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस आणि डिस्कला खिडकीपासून लांबची जागा, हे वेगळं सांगायला नको.

आणि ती प्रत उघडते का, ते बघायचं. १९९८ साली अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेनं सिनेमाच्या फाईली पुसल्या जायला लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि ते कुणी तपासलं नव्हतं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुझमन या तंत्र-दिग्दर्शिकेमुळे. तिला नुकतंच मूल झालं होतं, ती घरून काम करायची, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. मोठ्या कंपनीची सगळी यंत्रणा हरली आणि घरातला दुसरा कॉम्प्युटर कामाला आला.

तेव्हा वाचकहो, बॅकअपची डिस्क तुमच्या कपाटात असेलच. या रविवारी ती स्वतःच्या कॉम्प्युटरला न लावता मुलाच्या, शेजाऱ्याच्या, कुणाच्याही दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. वेगवेगळ्या वर्षांचे दहा फोटो उघडा, पूर्ण मोठे करून बघा. त्यांतल्या एकाच्या आत चार माणसांची नावं मराठीत लिहा, डिस्क काढा आणि आपल्या कॉम्प्युटरवर ती नावं दिसतात का ते तपासा.